मानशीची फळी

मंगळवारी चोडणच्या आरोग्य केंद्रातली पेटी माझ्या हातात असते.
सातच्या फेरीत कुणीतरी विचारतंच, "आइस्क्रीम गो?"
मी हो म्हणते.
रायबंदरचा धक्का येईपर्यंत हे खोटं वितळत नाही.

बर्फात नळ्या. नळीवर नाव नसतं.
क्रमांक एकशेएकतीस. वय सत्तेचाळीस. धंदा मासे विकणे.
गर्भाशयाचं मुख.
नाव बांबोळीच्या एका कपाटात, किल्ली माझ्याकडे नाही;
नसावीच, हा नियम मीच लिहिला.
तरी फेरीत पाट्या घेऊन बसलेल्या सहाजणींत
सत्तेचाळीसच्या किती, हे मी मोजते.
एक बांगड्यांवर पाणी मारते.
एक नुसती नदीकडे बघते,
आणि मला उगाच तिचाच संशय येतो.

प्रयोगशाळेत एवारिस्तने जेल ओतून ठेवलेली असते.
आम्ही शोधतो ते प्रथिन पी-५३,
पुस्तकं त्याला पेशीचा रखवालदार म्हणतात.
डीएनए फाटला की तो ओरडतो :
थांब. शिवून घे. नाहीच जमलं तर मर.
एकशेएकतीसमध्ये त्याच्या जागी पडदा कोरा.
शेजारी ॲक्टिनची पट्टी मात्र जाड, काळीभोर,
म्हणजे चूक माझ्या हाताची नाही.

वाटतं, विषाणूने मारलं असेल त्याला.
छे, विषाणू इतके कष्ट घेत नाही.
तो पेशीतलाच एक जुना कारकून गाठतो
आणि त्याच्या हातून रखवालदाराच्या पाठीवर
चिठ्ठी डकवतो : भंगार.
पुढचं पेशी स्वतःच करते,
शिस्तीत, रोजच्या कचऱ्याबरोबर.

हे मी बाबांना जेवताना सांगितलं.
तीस वर्षं ते खाजनातली मानस सांभाळायचे.
भरतीला फळी आपोआप मिटते, ओहोटीला उघडते,
माणसाने फक्त बघत राहायचं,
लाकूड कुजलं का, बांधाला कुर्ल्यांनी भोकं पाडली का.
मग गावाने मानस लिलावात दिली.
आता मासळीसाठी रात्रभर फळी वर बांधून ठेवतात,
खारं पाणी शेतात हिंडतं.
बाबा म्हणाले, "त्या कागदावर माझीपण सही आहे."
आणि बराच वेळ कुर्लीचा डेंगा फोडत राहिले.
कर्क म्हणजे काय, ते मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांना संस्कृत येतं.

मग एका गुरुवारी आम्ही बशीतल्या पेशींत
विषाणूच्या त्या एकाच जनुकाचं तोंड बांधलं.
बाकी सगळं होतं तसं.
रात्री अकराला अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली,
आणि लाल दिव्यात एक पट्टी वर आली.
बारीक, पेन्सिलीने ओढून मग खोडल्यासारखी.
जनुक शाबूत होतं. पेशी त्याला रोज नव्याने घडवत होती
आणि रोज फेकून देत होती.
एवारिस्तने छातीवर क्रूस काढला,
मग माझ्याकडे बघून ओशाळला.
मी म्हटलं, पुन्हा करू. तीनदा.

हे बशीत आहे, बाईत नाही.
बशीला संध्याकाळी घरी जायचं नसतं,
बशी विचारत नाही,
डॉक्टर, मी पाटी कधीपासून उचलू?

शेवटच्या फेरीने परतले तेव्हा
बांधावर टॉर्च फिरत होता.
काम सुटून सहा वर्षं झाली बाबांचं.
हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

पुढच्या मंगळवारी फेरीत पाच पाट्या होत्या.
सहावी डिचोलीच्या बसने गेली असेल.
डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो,
हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.