एक डोळा

कुवेतच्या खोलीत अकरा वर्षं
रोवेनानं हे कालवण नुसतं तोंडानं शिजवलं.
तिथं डुक्कर मिळत नाही.
रात्रपाळी उतरली की बादलीत पाय सोडून
ती सांगायची, आधी कांदा-टोमॅटो,
हाडासकट मांस, तांदळाचं धुवण,
मुळा, वांगं,
आणि चिंच. किती?
एक डोळा मिटेल इतकी.

आज सोलापुरात पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं,
म्हणून आजच.
यल्लप्पामामानं दीड किलो दिलं, चरबी राखून.
तिची ती तळ्यातली पालेभाजी इथं कोण विकतंय,
चुका घेतला.
चिंच मात्र घरची, गेल्या उन्हाळ्यात फोडलेली,
दोन चिंचोके राहिलेच तिच्यात.

शाळेत होते तेव्हा घरात हे शिजलं
की आई आधी दार लोटायची, मग चूल फुंकायची.
माझ्या डब्यात दुसऱ्या दिवशी बटाटा.
रोवेनाला हे सांगितलं तर ती म्हणाली,
आमच्याकडं वास आला की शेजारी ताट घेऊन येतात.

दार उघडंच ठेवलंय.
अजून कुणी आलं नाही.

फोन डब्याला टेकवून तिला पातेलं दाखवते.
ती अजून तिथंच, पाठीमागं तीच निळी बादली.
रंग बरा आहे, म्हणते. चव?
मला काय माहीत बाई,
मी हे आजवर फक्त ऐकलंय.
वाटी तोंडाला लावते
आणि काही बोलायच्या आत
ती तिकडं ओरडते, मिटला! मिटला!

मागून अप्पा,
शेंगाचटणी आण गं जराशी.