वापरलेली, चालू स्थितीत

दर बुधवारी आम्ही जमतो, ओउलूत,
बंद पडलेल्या बुटांच्या दुकानामागच्या खोलीत.
कातड्याचा आणि डिंकाचा वास अजून गेलेला नाही.
डिसेंबरात उजेड इथे साडेदहाला येतो
आणि दोनला निघतो,
कोट न काढता बसलेल्या पाहुण्यासारखा.
त्या साडेतीन तासांसाठी
आमच्या एवढ्या पिशव्या, एवढे पट्टे, एवढी कर्जं.

इल्पो आठ नंबरची बस चालवतो.
सुट्टीच्या दिवशी बसथांब्यांचेच फोटो काढतो, रिकामे.
राइया दातांची डॉक्टर. दगडावरचं शेवाळ
इतक्या जवळून टिपते
की सगळे म्हणतात, शेवटी दाढच बघतेस तू.
एतू एकोणीस वर्षांचा, कॅमेरा पन्नास वर्षांचा.
घरच्या सौनात फिल्म धुतो,
आणि शनिवारी आजोबा घाम गाळताना विचारतात,
हा सिरक्याचा वास कुठून येतोय?
मी ग्रंथालयात पुस्तकं लावते. माझे फोटो बरे असतात.
बरे, म्हणजे कुणी थांबून बघत नाही.

बॅटरी काखेत ठेवायची, हे इथलं पहिलं शहाणपण.
उणे तेवीसला ती दहा मिनिटांत मान टाकते.
दुसरं शहाणपण कुणी सांगत नाही.

आणि हिल्का.
हिल्का आणि आर्ने, दोघांत मिळून एक तीनशेची लेन्स,
त्याच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली.
तो वाहायचा, ती डोळा लावायची.
आर्नेचे फोटो आम्ही कधी पाहिलेच नाहीत.
त्याची पाठ मात्र पाहिली,
गोठलेल्या समुद्रावर पुढे पुढे जाणारी.

नोव्हेंबरात हिल्काने एक फोटो आणला.
दाराशी दोन जोड बूट.
एकाखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं,
दुसरा कोरडा.

बराच वेळ बघितलं आम्ही.
मग इल्पो म्हणाला, फोकस जरा मागे गेलाय.
राइया म्हणाली, डावीकडून थोडं कापलंस तर…
मी विचारलं, आयएसओ किती ठेवला होतास?
आठशे, हिल्का म्हणाली.
आठशे, मी म्हटलं, जणू मला तेवढंच हवं होतं.
कॉफी झाली. दालचिनीचे पाव झाले.
एतूने न सांगता सगळे कप धुतले.

पुढच्या बुधवारी फळ्यावर चिठ्ठी:
विकणे आहे. तीनशेची. वापरलेली, चालू स्थितीत.
पुढच्या काचेवर एक ओरखडा.
किंमत बोलून ठरवू.

किंमत कुणीच बोललं नाही.
इल्पोने घसा खाकरला. घेईन म्हणतो,
पण आधी आठवडाभर वापरून बघतो.
मग राइयालाही वापरून बघायची होती.
मग एतूला, ज्याच्या कॅमेऱ्यावर ती बसतच नाही;
त्याने चिकटपट्टी लावून बसवली.
मग मी. इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं.
घरी येईपर्यंत तीनदा खांदा बदलला
आणि दर वेळी त्याची पाठ आठवली.

मार्चात सगळे फोटो टेबलावर मांडले.
इल्पोच्या थांब्यावर पहिल्यांदाच कुणीतरी होतं,
हातमोज्यात तोंड खुपसून शिंकणारी एक बाई.
राइयाचं शेवाळ इतकं लांबून, की ते जंगल झालं होतं.
एतूचं काहीतरी. बहुतेक हंस.
आणि माझा कोळी, बर्फातल्या भोकापाशी बसलेला.

इथला हिवाळी सूर्य कमरेच्या वर चढत नाही,
कुठेही वळा, तो समोरच.
म्हणून प्रत्येक फोटोत, वर उजवीकडे,
एक फिकट, तिरकी रेघ उजळली होती.
घरी पुसता आली असती, एका मिनिटाचं काम.
कुणीच पुसली नव्हती. ठरवलं नव्हतं आम्ही काही.

हिल्काने चष्मा वर केला.
रेघेवर अंगठा ठेवत ठेवत गेली, एकेका फोटोवर.
बर्फावर घसरला होता, म्हणाली.
मनगट मोडून घेतलं वेड्याने, आणि लेन्स वर धरली.
मग एतूच्या फोटोपाशी थांबली.
फोकस मागे गेलाय, म्हणाली.
माहितेय, एतू म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

चिठ्ठी अजून फळ्यावर आहे.
किमतीच्या ओळीखाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय,
आधी नंबर लावा.
इल्पो म्हणतो, मी नव्हे.
पण तो आठचा आकडा
रोज बसच्या वहीत असतो, तसाच तिरका.
त्याचा नंबर आठवा कसा, आम्ही तर पाचच जण.