बोळक्यातले सात

तावडे हॉटेलच्या नाक्यावर पहाटे पाचला
बेंगळुरूची ट्रॅव्हल्स थांबली.
क्लीनरनं थर्माकोलचा खोका खाली दिला, म्हणाला,
आत काय हलतंय वो?
सात क्लाउनफिश. अंगठ्याच्या नखाएवढे.
मंदाकिनीनं खोका मांडीवर घेतला
आणि सगळ्या वाटेनं माझ्या पाठीत बोट टोचत राहिली:
गतिरोधक, हळू. खड्डा, हळू.

दुकानदार म्हणाला होता, जोडीच ठेवा, लफडं नको.
मी म्हणालो, सात द्या.
घरात आम्ही दोघंच. किती बघायचं एकमेकांकडं.

सोडायचे तर सगळे एकदम, एकाच सोमवारी,
म्हणजे आधी आलो म्हणून घर माझं
असं कुणाला म्हणता येत नाही.

समुद्र तिकडं, गगनबावड्याचा घाट उतरून.
आम्ही वरची माणसं.
नळाचं पाणी गाळून बादलीत घ्यायचं,
मीठ टाकून ताकाच्या रवीनं घुसळायचं.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर गेली,
थाऊत मोजायची खोड हाताला लागलेली.
खारटपणा पॉइंट शून्य पंचवीस म्हणजे पंचवीस.
सव्वीस झाला की मला झोप नाही.

ॲनिमोन परवडला नाही.
बापट कँपातनं एक बोळकं आणलं, कड उडालेलं,
आडवं ठेवलं वाळूवर.
तीन दिवस त्यांनी तिकडं ढुंकूनही बघितलं नाही.
चौथ्या रात्री सगळे आत, मटार शेंगेत बसल्यासारखे.

मग त्यातला एक वाढला.
वाढला म्हणजे वाढली. तिचं नाव पाटलीण.
तिच्या बगलेत फिरणारा तो उपसरपंच.
बाकीच्या पाचांना नावं नाहीत.
ती समोर आली की अंग तिरकं करून
थरथरायचं, एवढाच त्यांचा कायदा.
थरथरलं की मिटलं. ती पुढं जाते.

एकाला ते जमेना.
शेपूट फाटून तो पंपामागं लटकायला लागला.
पिठाच्या चाळणीत आठ दिवस वेगळा ठेवला, त्याच पाण्यात.
(मंदाकिनीनं नवी चाळण आणली, अजून ऐकवते.)
मग सगळे दगड हलवले, बोळक्याचं तोंड फिरवलं,
सगळ्यांचा सातबारा कोरा केला
आणि त्याला पुन्हा सोडला.
या खेपेला तो थरथरला.

पाहुणे येतात, विचारतात, रस्सा कसा होतो याचा?

श्रावणात एका सोमवारी
पाटलीण टाकीमागं फरशीवर मिळाली,
वाळून वेलदोड्यासारखी.
वरची जाळी एका कोपऱ्याला बोटभर उचललेली.
मी लावलेली. माझ्या हातची.

नऊ रात्री उपसरपंच बोळक्याच्या कडेवरच झोपला.
आत तिची जागा रिकामी,
ते पाचही तिथं सरकले नाहीत.

कारखान्यात हुसेनमामा मुजावर गेले तेव्हा
त्यांच्या स्टुलावर आम्ही कॉटन वेस्टचं पोतं ठेवलं होतं.
दोन महिने ते तसंच.
मग एका दुपारी माझे गुडघे दुखायला लागले,
पोतं खाली ठेवलं आणि बसलो.
कुणी काही बोललं नाही.
संध्याकाळी एक पोरगा जॉब घेऊन आला
आणि मामांना विचारायचा तसं मला विचारलं,
चालंल का हे?

आता मी काचेला व्हर्निअर लावून बघतो.
गणपतीत दोन मिलिमीटर. दसऱ्याला आणखी तीन.
उपसरपंच वाढतोय.
वाढतेय म्हणायला पाहिजे, पुस्तकात तसंच आहे,
नराची मादी होते, परत फिरत नाही.
पण तोंडाला सवय लागली ती लागली,
मी उपसरपंचच म्हणतो.

काल दाणे टाकताना हात पाण्यात होता.
ती बोळक्यातनं बाहेर आली,
माझ्या करंगळीला चावली, चांगली जोरात,
आणि तिथंच उभी राहिली.
हात मी काढला.