बिनपाण्याची आंघोळ

पहाटे साडेचार. कुरखेड्याच्या दवाखान्यात
मैनाबाई कुमरे चौथ्या दिवशीही डोळे उघडत नाहीत.
मोहाच्या राखणीला झाडाखालीच निजल्या होत्या,
मण्यार कधी चावली कळलंही नाही.
आता श्वास यंत्राचा, मानेत नळी,
केसांत अजून मोहाचा वास.

सून दारात. हातात जर्मनचा गंज, वाफाळता.
"कडुलिंबाचा पाला टाकून आनलं, बाई.
चार दिवस झाले, सासूच्या आंगाले पानी नाही.
मेल्यावरच घालाचं का?"

गंज मी बाहेरच ठेवायला लावते.

आमच्याकडेही होतं एक निळं घमेलं,
रोज घासलेलं, उन्हात वाळवलेलं, लख्ख.
नागपूरहून आलेल्या पोरीनं त्यात कापसाची काडी फिरवली
आणि तिसऱ्या दिवशी फोन केला.
त्याच आठवड्यात सात नंबरच्या खाटेवरचे
हिरामण मेश्राम तापानं गेले होते.
त्यांना मीच पुसायची त्या घमेल्यातून.
छान पुसायची.

घमेलं आता कूलरखाली असतं, थेंब झेलत.

बांगड्या खिशात. हात कोपरापर्यंत.
सीलबंद पाकीट काखेत धरून थोडं ऊबवते.
चेहऱ्याला साधं कापड, हे औषध डोळ्यांना चालत नाही.
मग मान, नळीच्या पट्टीच्या कडेकडेनं,
रांगोळी न मोडता अंगण झाडावं तसं.
छातीचं कापड हाताला नाही, हाताचं पोटाला नाही,
वापरलं की टोपलीत.
दंडावर गोंदलेला विंचू, ठिपक्यांची ओळ:
औषध वरून जातं, विंचू हलत नाही.

सुनेला आत घेते. साबण, गाऊन, हातमोजे.
डाव्या पायाचं कापड तिच्या हाती देते.
टाचेच्या भेगांत रानाची माती, चार दिवस पुसूनही.
ती एकेका बोटाशी थांबते.
"चिकट लागते, बाई. वरून पानी नाही घालाचं?"
नाही. टॉवेलही नाही. आपोआप वाळू द्यायचं.

मागची बाजू शेवटी, नेहमी शेवटी, ती मी करते.
मग वाळेपर्यंतची दोन-तीन मिनिटं
मला कधीच जमत नाहीत. हाताला काम नसतं.
आम्ही दोघी यंत्राकडे बघत उभ्या.

उजाडल्यावर खिडकीतून दिसली,
हातपंपापाशी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून,
गंजातलं पाणी स्वतःच्या पायांवर ओतताना.
तिचेही चारच दिवस झाले होते.