बाजूला तीन पावलं

फोन आदल्या संध्याकाळी येतो.
हे तीनदा "हो" म्हणतात
आणि रिसीव्हर असा ठेवतात
की आतलं काही सांडू नये.
मी विचारत नाही.
घरीसुद्धा बोलणार नाही, असं ह्यांनी लिहून दिलंय
सेंदाईच्या तुरुंगाला, चौदा वर्षांपूर्वी,
लाल शिक्का उमटवून.

पण इस्त्रीची काळी कफनी उलगडतात, घडी घालतात,
पुन्हा उलगडतात.
आणि पुलापलीकडच्या दुकानातून
दोन मांजू आणतात, लाल चवळीचं पुरण भरलेले.
आमच्या घरात गोड कुणी खात नाही.

त्या जानेवारीत एक परत आला.
अख्खा. कागदसुद्धा सुटला नव्हता.
काही न बोलता माझ्या हातावर ठेवला,
मी डब्यात टाकला.

त्याआधी, दारात बर्फ झाडत असताना,
शेजारच्या म्हातारीनं कफनी बघून
मिठाची पुडी पुढे केली.
मयताहून आलेल्यानं अंगावर टाकायची, अशी इथली रीत.
आमच्या पंथात मीठ नाही.
मृत्यू म्हणजे विटाळ नव्हे, असं हेच शिकवतात.
ह्यांनी पुडी घेतली
आणि सगळी रिकामी केली
उजव्या हातावर.

मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात
तेव्हा लोक देवळात येतात, पितरांसाठी.
हे पितरांवर बोलले नाहीत.

"त्याचं नाव शिगेमात्सु.
सात वर्षं, दर महिन्याचा पहिला गुरुवार.
कुठल्याशा दुकानासाठी कागदी पिशव्या चिकटवायचा,
बोटांना कायम खळ.
त्यानं दोन माणसं मारली होती.
मी ते विसरलो नाही, तोही नाही.
एकदाच काही विचारलं त्यानं:
गुरुजी, त्या खोलीला खिडकी आहे का?
म्हटलं, लक्ष गेलं नाही.
तोवर तिनदा उभा राहिलो होतो मी तिथे.
खिडकी नाही.

त्या सकाळी एक मांजू त्यानं खाल्ला.
दुसरा म्हणाला, घरी न्या, बाईंना.
मी त्याचा हात धरला.
सांगितलं, अमिदाची प्रतिज्ञा आहे,
एकालाही सोडणार नाही.
तो म्हणाला, बरं.
मग साहेबांनी मान हलवली
आणि मी सोडला.

तीन पावलं बाजूला सरकलो.
जमिनीवर पट्टी चिकटवलीय तिथे, माझ्यासाठी.
भिंतीमागे पाच पोरं पाच बटणं दाबतात,
खरं कुणाचं, ते कुणालाच कळू नये म्हणून.
माझ्या पावलांना तशी सोय नाही.
त्या तीन पावलांवर म्हणायचं सूत्र
मी खूप शोधलं.

त्या पट्टीवर आता उभा राहणार नाही.
हे थांबवा, असं मंत्र्यांना लिहिणार आहे,
स्वतःच्या नावानं.
गुरुवारी मात्र जाईन,
जाऊ देतील तोवर."

घंटेच्या दुरुस्तीला पैसे देणारे साकुमा
मध्येच उठून वहाणा शोधू लागले.
मागच्या खांबाशी ओनोदेराबाई.
त्यांची मुलगी अशाच एकानं मारली, एकोणीस वर्षांची.
तो अजून आत आहे, त्याच इमारतीत,
कदाचित पिशव्याच चिकटवत.
त्या उठल्या नाहीत.
मांडीवरची पर्स तेवढी
दोन्ही हातांनी बंद केली, बंदच होती ती.

नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या,
बाह्या सावरून भांडी विसळायला उभ्या राहिल्या.
बराच वेळ नुसतं पाणी.
मग ह्यांच्याबद्दल नाही, प्रतिज्ञेबद्दल नाही,
"तो मांजू," म्हणाल्या, "खाल्लात तुम्ही?"
मी म्हटलं, डब्यात आहे. मला माहीत नव्हतं.
"ठेवू नका तसा. बुरशी धरते,"
ओनोदेराबाई म्हणाल्या,
आणि विसळलेली वाटी
पुन्हा विसळायला घेतली.