लई

सेलूच्या अलीकडे, तिसरीचा वर्ग.
खिचडीच्या पालथ्या पातेल्यावर लॅपटॉप,
बॅटरी मेलेला,
म्हणून लाईट असेपर्यंतचाच तास.
बाई म्हणाल्या, ह्या चौकटी पाटीवरच्यासारख्याच.
इथं नाव,
इथं काल खाल्लेली बोरं.

अलमास बारा.
गंगासागर सात,
त्यातलं एक किडकं, धरायचं का?
धरलं.
मुंजाजीनं एका बोटानं
अक्षरं हुडकत हुडकत लिहिलं:
लई.

खाली बेरीज आली एकोणीस.
मुंजाजी वाकून बघत राहिला.
"बाई, ह्याला माझी बोरं दिसंनात व्हय?"

आकडा टाक, म्हणायला बाईंनी तोंड उघडलं
आणि लाईट गेली.
काळ्या काचेत अख्खा वर्ग उमटला, दाटीवाटीनं,
मुंजाजीच्या फुगलेल्या खिशासकट.