काटा थांबेपर्यंत

बापानं नाव ठेवलं शांतवन.
बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडताच
म्हणे मी असं भोकाड पसरलं
की पाळकसाहेबांनी प्रार्थना अर्ध्यात आटपली.
तेव्हापासून हे नाव
थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखं घालून हिंडतो.
खांद्यावरून घसरतं.

निपाणीत, तंबाखूच्या वखारीत
मी वजनकाट्यावर बसतो.
सकाळी आठला शटर वर जातं,
आधी शिंका सुरू होतात, मग शिव्या.
शेतकरी म्हणतो, वजन मारलं.
अडत्या म्हणतो, तू पाणी मारलंस.
हमाल म्हणतो, माझी पाठ कुणी मोजली का?
कानडीत चढलेला आवाज मराठीत उतरतो,
मराठीतला कानडीत.
शिवीला तेवढा दुभाषा लागत नाही.

काटा जुना, गोल तबकडीचा.
पोतं आदळलं की पिसाळतो,
साठ, पंचावन्न, बासष्ट,
ज्याला जो आकडा सोयीचा
तो तिथंच बोट ठेवून ओरडतो.
मी म्हणतो, थांबू द्या.
दिवसातनं दोनशे वेळा म्हणतो,
थांबू द्या ओ, थांबू द्या.
माझं प्रवचन एवढंच.

परवा रायगोंडा आणि दत्तोबा खराडे
अर्ध्या किलोवरून छातीला छाती लावून उभे.
मी मधे गेलो.
रायगोंडानं माझी वही भिरकावली तंबाखूच्या चुऱ्यात.
दत्तोबा म्हणाला,
"हाण की ह्येलाच एक! ह्येंच्यात
दुसरा गाल पुढं करत्यात न्हवं?"
वखार हसली. हमालसुद्धा.

खोटं कशाला सांगू,
तपासणीसाठी ठेवलेल्या पाच किलोच्या वजनावर
माझा हात गेला होता.
लोखंड गार लागलं.
त्या गारव्यात प्रभू दिसला वगैरे नाही.
दिसला तो माझाच काटा,
साठ, पंचावन्न, बासष्ट.
म्हटलं, शांतवन, थांबू दे.
आत्ता वाचू नको.

वही उचलली, झटकली,
तसा चुरा उडाला
आणि तिघंही शिंकलो, एकदा, दोनदा, डोळ्यांत पाणी येईतो.
शिंकताना माणसाला भांडता येत नाही.
मग तबकडीकडं बघितलं. साडेसत्तावन्न.
दोघांनाही पटलं नाही.
मी तेवढंच लिहिलं.

रविवारी वाटलं, उपासनेत तरी विसावा.
तिथं आवळे आणि घाटगे
नवा पंखा कुणाच्या आईच्या स्मरणार्थ
यावरून एकमेकांना पाठ करून बसलेले.
पंखा दोन्ही पाठींना वारा घालत होता,
कडकड वाजत.
शांतीनं जा, असं पाळकसाहेब म्हणाले
आणि दारात चपला शोधता शोधता
दोघांची पुन्हा जुंपली.
मला हसू फुटलं. रूथनं कोपर मारलं.

रात्री तिनं विचारलं,
तुम्हाला माणसांचा राग येत नाही का हो?
म्हटलं, येतो की. पोत्यानं येतो.
फक्त आदळल्या आदळल्या मोजत नाही.
ती म्हणाली, आणि माझा?
मी दिवा घालवला.
अंधारात प्रार्थनेला बसलो
तर पहिलं नाव दत्तोबाचं आलं ओठांवर.
ते घेताना दात आवळलेलेच होते.
घेतलं.

आज रायगोंडा आला.
माझ्याकडं न बघता पोतं ठेवलं,
बोट उचललं, तोंड उघडलं,
आणि तसाच राहिला, काट्याकडं बघत.
माफी नाही, नमस्कार नाही.
बाहेर मुरगूड रोडला ट्रक हॉर्न देत होता.
काटा हलत होता, हळूहळू कमी हलत होता.
आम्ही दोघं गप्प उभे होतो,
म्हणजे तो उभा, मी बसलेला.

मग दत्तोबा आला ओरडत.